दसऱ्याआधी घरोघरी पोचायला हवा असा निरोप



भाद्रपद सरत आला की आपल्या जिल्हा परिषदेच्या शाळांचं वेळापत्रक एकदम भरगच्च होतं. ५ सप्टेंबरला शिक्षक दिन, ८ ला साक्षरता दिन, १४ ला हिंदी दिन, १७ ला आपल्या मराठवाड्याचा मुक्तिसंग्राम दिन. सप्टेंबर हाच पोषण महिनाही. मग गांधी जयंती, घटस्थापना, भोंडला, दसऱ्याचं पाटीपूजन, १५ ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिन आणि त्याच दिवशी हात धुवा दिन. यातच कुठेतरी पहिल्या सत्राचं संकलित मूल्यमापन. प्रत्येक दिवसाची एक सूचना असते आणि ती पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जाते. उद्या पांढरा ड्रेस घाला, परवा भाषण पाठ करून पाठवा, आधारची झेरॉक्स आणा, बँकेचं पासबुक आणा.

या गर्दीत एक गोष्ट मला दरवर्षी खटकते. आपण सूचना पुष्कळ देतो, निरोप मात्र थोडेच पोचवतो. सूचना पाठवली की आपली जबाबदारी संपते. निरोप तेव्हाच पुरा होतो, जेव्हा समोरच्याला तो कळतो आणि त्यावर त्याला काही करता येतं. आणि हाच महिना असा आहे, की चुकलेला एक निरोप मुलाचं अख्खं वर्ष घेऊन जाऊ शकतो. म्हणून हा लेख.

सूचना कळत का नाही?

आपल्या नेहमीच्या सूचनेचा नमुना पाहा : "सर्व पालकांना कळविण्यात येते की, प्रथम सत्राचे संकलित मूल्यमापन पुढील सप्ताहात आयोजित करण्यात आले असून पाल्याची शंभर टक्के उपस्थिती अनिवार्य आहे. नोंद घ्यावी."

यात व्याकरणाची चूक एकही नाही. पण 'पाल्य' हा शब्द कोणत्या घरात बोलला जातो? 'संकलित मूल्यमापन' म्हणजे परीक्षाच, हे किती आयांना माहीत आहे? आणि 'नोंद घ्यावी' म्हणजे नेमकं काय करावं? वरून आलेल्या पत्राची भाषा आपण तशीच खाली ढकलतो. पत्र आपल्यासाठी असतं, पालकांसाठी नसतं, हे विसरून.

हीच सूचना अशीही लिहिता येते : "सोमवारपासून मुलांची पहिल्या सत्राची परीक्षा आहे. रोज वेळेवर शाळेत पाठवा. सोबत पेन आणि पेन्सिल द्या. या आठवड्यात शेतावर नेऊ नका. काही अडचण असेल तर आदल्या दिवशी वर्गशिक्षकांना सांगा." पाच छोटी वाक्यं. काय करायचं, कधी करायचं आणि अडचण आली तर कोणाला सांगायचं, या तिन्ही गोष्टी त्यात आल्या. माझ्या मते ज्या सूचनेत या तीन गोष्टी नाहीत, ती पाठवूच नये.

दुसरी अडचण फोनची. ग्रुपमध्ये नंबर असतो वडिलांचा. वडील दिवसभर रानात. फोन कधी मोठ्या भावाकडे, कधी रिचार्ज संपलेला. मुलाला शाळेत पाठवायचं काम करते आई नाहीतर आजी, आणि तिच्यापर्यंत तो मजकूर जातच नाही. तांड्यावरच्या घरात तर बोलणंच गोरमाटीत. तिथे आपलं कार्यालयीन मराठी म्हणजे परकी भाषाच. अशा ठिकाणी तांड्यावरच्याच एखाद्या शिकलेल्या ताईच्या आवाजात अर्ध्या मिनिटाचा निरोप रेकॉर्ड करून पाठवला, तर तो लांबलचक मजकुरापेक्षा जास्त कामाचा ठरतो.

आणि आपला सगळ्यात जुना मार्ग आपण सोडूनच दिलाय. तो म्हणजे मूल. परिपाठाच्या शेवटी एकच निरोप सांगायचा, मुलांकडून दोनदा म्हणून घ्यायचा, 'घरी जाऊन आईला सांग' म्हणायचं आणि दुसऱ्या दिवशी विचारायचं, "आई काय म्हणाली?" पहिली-दुसरीची मुलं निरोप फार इमानदारीने पोचवतात. शिवाय ऐकणं, लक्षात ठेवणं, सांगणं हा भाषेचाच अभ्यास आहे. निरोप सांगता येणारं मूल श्रवण आणि भाषण ही दोन्ही कौशल्यं वापरत असतं. त्यासाठी वेगळा तास लागत नाही.

या महिन्यात सांगायच्या चारच गोष्टी

वीस सूचनांपेक्षा चार निरोप नीट पोचले तरी खूप झालं. माझ्या मते ते चार असे.

१. सोयाबीनचे दिवस आणि शाळेचे दिवस

सप्टेंबरच्या शेवटी सोयाबीन काढणीला येतं, पाठोपाठ कापूस वेचणी. दोन-तीन एकरवाल्या घरात मजूर लावणं परवडत नाही, म्हणून चौथी-पाचवीची मुलं हाताशी घेतली जातात. मोठी मुलगी असेल तर तिला घरी धाकट्या भावंडाजवळ ठेवतात. याला पालकांची बेफिकिरी म्हणणं मला पटत नाही. पाऊस कधी येईल याचा नेम नसतो आणि भिजलेल्या सोयाबीनला भाव मिळत नाही. घरच्यांची घाई खरी आहे.

पण दुसरी बाजूही खरी आहे. शिक्षण हक्क कायद्याने पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान २०० दिवस शाळा ठरवली आहे. आठवड्याला एक दिवस बुडाला तर महिन्याचे चार झाले. ऐकायला चार दिवस थोडे वाटतात. पण याच आठवड्यांत दुसरीला हातच्याची बेरीज सुरू असते, तिसरीला जोडाक्षरांचं वाचन पक्कं होत असतं. सोमवारी हातचा शिकवला आणि मूल बुधवारी आलं, तर ते नुसतं फळ्याकडे बघत बसतं. दोनदा असं झालं की त्याला वाटतं, गणित आपल्याला येतच नाही. खरं तर त्याचा फक्त सोमवार चुकलेला असतो.

म्हणून पालकांना सांगणं एवढंच : काम असेल तर शाळेआधी, शाळेनंतर आणि रविवारी. अगदीच नाइलाज झाला तर गुरुजींना किंवा बाईंना आधी सांगा, म्हणजे बुडालेला भाग दुसऱ्या दिवशी वेगळा घेता येईल. 'नाव कमी करू' अशी भीती घालून पालक शाळेपासून दूरच जातो. आपण मदत करू म्हटलं तर तो निदान सांगायला तरी येतो.

२. ताप, डास आणि वीज

पावसाळ्याच्या या शेवटच्या टप्प्यात वर्गात रोज एक-दोन मुलं तापाने नसतात. डेंग्यूचा डास साठलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो आणि तो चावतो दिवसा. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात. म्हणून आठवड्यातला एक दिवस कोरडा पाळायचा. रांजण, टाकी, बादल्या रिकाम्या करून घासायच्या, फुटका माठ आणि जुनं टायर पालथं घालायचं किंवा फेकायचं. ताप दोन दिवसांत उतरला नाही तर आरोग्य केंद्रात दाखवायचं. नुसत्या गोळीवर मुलाला शाळेत पाठवायचं नाही.

परतीच्या पावसाचे ढग बहुतेक वेळा दुपारनंतर जमतात, म्हणजे नेमकी शाळा सुटण्याची वेळ. वस्तीवरून चालत येणाऱ्या मुलांना घरी आणि शाळेत दोन्हीकडे एकच सांगावं : वीज कडाडत असेल तर झाडाखाली थांबायचं नाही, उघड्या माळावरून पळायचं नाही, शाळेत किंवा जवळच्या पक्क्या घरात थांबायचं. आपणही आभाळ भरून आलेलं असताना घंटा झाली म्हणून मुलांना सोडून देऊ नये. दहा-पंधरा मिनिटं थांबलो तर काही बिघडत नाही.

३. परीक्षेनंतर 'किती पडले' एवढंच विचारू नका

आपल्याकडे २०१० पासून सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आहे. आकारिक आणि संकलित हे शब्द आपल्या तोंडी बसले, पण पालकांपर्यंत त्यातलं फार थोडं गेलं. त्यांच्यासाठी अजून परीक्षा म्हणजे मार्क. शेजारच्याला जास्त पडले की घरी मुलाला बोलणी, कमी पडले की समाधान.

पालकहो, पहिल्या सत्राची परीक्षा ही मुलाला पुढे काय शिकवायचं ते कळण्यासाठी असते. निकाल घ्यायला याल तेव्हा एकच आग्रह धरा : "उत्तरपत्रिका दाखवा आणि याला काय येतं, काय येत नाही ते सांगा." हे विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. स्वतःला लिहिता-वाचता येत नसलं तरी घरी एक गोष्ट करता येते. रोज संध्याकाळी दहा मिनिटं मुलाला मोठ्याने वाचायला लावा आणि शेजारी बसून ऐका. मूल कुठे अडखळतं, कुठे अंदाजाने वाचतं, ते ऐकणाऱ्याला बरोबर समजतं. मग "वाचलंस त्यात काय होतं ते सांग" असं विचारा. गोष्ट सांगता आली म्हणजे वाचन समजलं.

४. टोळीबरोबर निघण्याआधी एकदा शाळेत या

हा चौथा निरोप सगळ्यात महत्त्वाचा, आणि ग्रुपवर तो क्वचितच दिसतो.

बीड, जालना, परभणी, धाराशिव, अहिल्यानगर या जिल्ह्यांतल्या गावांत दसरा झाला की ऊसतोडीची तयारी सुरू होते. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. नवरा-बायको मिळून एक कोयता. ट्रक किंवा ट्रॅक्टर भरून टोळी कारखान्याकडे निघते आणि परत यायला मार्च-एप्रिल उजाडतो. शाळा जूनच्या मध्याला उघडते. म्हणजे दसऱ्यानंतर गेलेल्या मुलाच्या वाट्याला वर्षातले जेमतेम चार महिने येतात. दसऱ्याला ज्या पाटीवर आपण त्याच्याकडून एकच्या आकड्यांची सरस्वती काढून घेतो, तीच पाटी पुढचे पाच-सहा महिने कोपीच्या कुडाला टांगलेली राहते.

बुडतो तो फक्त अभ्यास नाही. शाळेतल्या जेवणात पहिली ते पाचवीच्या मुलाला रोज ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं मिळावीत असं ठरलेलं आहे. फडावर ते ताट नसतं. आई-वडील पहाटे अंधारात तोडीला जातात. नऊ-दहा वर्षांची मुलगी कोपीवर धाकट्याला सांभाळते, पाणी आणते, भाकरी थापते. ती परत येते तेव्हा वर्ग पुढे गेलेला असतो आणि तिची शाळेची सवय मोडलेली असते. असं दोन-तीन हंगाम झालं की पाचवी-सहावीनंतर ती येतच नाही.

यावर रस्ते आहेत, पण ते टोळी निघायच्या आधीच धरावे लागतात.

पहिला रस्ता म्हणजे मुलाला गावातच ठेवणं. आजी-आजोबा किंवा चुलता-चुलती सांभाळणारे असतील आणि जेवणाची अडचण असेल, तर शाळा व्यवस्थापन समितीमार्फत चालणारं हंगामी वसतिगृह हा आधार आहे. त्यासाठी शाळेला आधी यादी लागते. पालकांनी निघायच्या आदल्या रात्री सांगितलं तर यादी तयार कधी होणार आणि वर कधी जाणार? म्हणून आत्ताच सांगा. आणि ज्यांच्या हाती मंजुरी आहे त्यांनाही एक विनंती : टोळ्या गेल्यावर आलेली मंजुरी मुलांच्या काही उपयोगाची नसते. मूल तोवर फडावर पोचलेलं असतं.

दुसरा रस्ता, मुलाला सोबत न्यावंच लागत असेल तर. अशा मुलासाठी शाळेतून शिक्षण हमी कार्ड घ्या. ते दाखवून कारखान्याजवळच्या शाळेत त्याला बसता येतं, आणि मूळ शाळेतलं नाव तसंच राहतं. तिथे कोणी म्हणालं, "आता वर्षाच्या मधे प्रवेश नाही", तर ते कायद्याला धरून नाही. शिक्षण हक्क कायद्यात ६ ते १४ वयाच्या मुलाला वर्षात कधीही प्रवेश नाकारता येत नाही, आणि दाखला यायला उशीर झाला या कारणावरूनही अडवता येत नाही. ही दोन वाक्यं पालकांच्या तोंडपाठ असली पाहिजेत. कागदापेक्षा तोंडपाठ असलेलं जास्त उपयोगी पडतं, कारण कागद ट्रकमध्ये भिजतो.

शिक्षकांसाठी इथे एक सुचवणं आहे. कार्डाबरोबर आपल्या हाताने लिहिलेलं एक पान द्यावं. हे मूल साधे शब्द वाचतं, जोडाक्षरात अडतं, दोन अंकी बेरीज करतं, हातच्याची येत नाही, अशा चार-पाच ओळी. तिकडच्या शिक्षकाला मूल नव्याने तपासत बसावं लागणार नाही. सोबत भाषा आणि गणिताची पुस्तकं, एक वही, आणि आठवड्यातून एक फोन. त्या फोनवर मुलाने आपल्याला दहा ओळी वाचून दाखवाव्यात. गावातल्या वर्गाचाही त्याच्याशी दोन शब्द बोलणं होईल. आपण शाळेचेच आहोत हे त्याला वाटत राहिलं, तर ते परत येतं.

'एवढा वेळ कुठून आणायचा?'

शिक्षक मित्र म्हणतील, हे सगळं बरोबर, पण ऑनलाइन माहिती, सर्वेक्षणं, फोटो अपलोड, यातून सवड मिळेल तेव्हा ना! ही तक्रार खोटी नाही. दोनशिक्षकी शाळेत एक जण मीटिंगला गेला की दुसऱ्याकडे चारही वर्ग. म्हणूनच मी काम वाढवा म्हणत नाही, सूचना कमी करा म्हणते. आठवड्याला एकच निरोप. तोच फळ्यावर, तोच परिपाठात, तोच ग्रुपवर. पांढऱ्या ड्रेसची सूचना एखाद्या दिवशी राहिली तरी चालेल. टोळी निघायच्या आधीचा निरोप राहिला तर चालणार नाही.

"पालक सभेला येतच नाहीत" हेही नेहमीचं वाक्य. पण आपण सभा ठेवतो सकाळी अकराला. त्या वेळी मजुरी करणारी आई रानात असते. सभेला यायचं म्हणजे तिचा दिवस बुडतो. हीच सभा संध्याकाळी सातनंतर मारुतीच्या पारावर, तांड्यावर, वस्तीवर ठेवून बघा. महिन्यातून नको, या हंगामात फक्त एकदा, दसऱ्याच्या आधी.

यात शाळा व्यवस्थापन समिती खरी कामाची. कायद्याप्रमाणे तिचे तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि एकूण सदस्यांत निम्म्या महिला. आपण त्यांना सहीपुरतं बोलावतो. त्याऐवजी प्रत्येक सदस्याकडे पाच-सहा घरं वाटून दिली, तर दोन संध्याकाळींत अख्खं गाव होतं. कोणतं घर यंदा तोडीला जाणार, कोणाची मुलं मागे राहणार, कोणाची सोबत जाणार, हे शेजारणीला आपल्या आधी माहीत असतं.

एवढं करूनही काही मुलं जाणारच. घरी सांभाळायला कोणी नाही, डोक्यावर उचल आहे, तान्हं मूल आहे. शाळेच्या निरोपाने ही गरिबी फिटत नाही, हे मान्य करूनच हे काम करायचं आहे. पण दहा घरांतल्या दोन घरांनी जरी मूल मागे ठेवलं, तरी त्या दोन मुलांसाठी ते सगळं वर्ष असतं.

शेवटी, ज्यांना उपयोग होईल त्यांच्यासाठी निरोपाचा एक नमुना देते. आपापल्या गावच्या बोलीत बदलून घ्यावा, आणि वाचता येत नसेल तिथे वाचून दाखवावा :

"राम राम. दसऱ्यानंतर ऊसतोडीला जाणार असाल तर त्याआधी एकदा शाळेत या. पोरं गावात राहणार असतील तर त्यांचं जेवण आणि अभ्यास याचं बघू. सोबत नेणार असाल तर कार्ड आणि पुस्तकं घेऊन जा. तिकडे शाळेत बसवायचा तुमच्या लेकराला हक्क आहे, कोणी नाही म्हणालं तर आम्हाला फोन करा. दिवसा जमत नसेल तर संध्याकाळी घरी निरोप द्या, आम्ही येतो."